टायर अर्ध्या वाटेतच संपले? नवे घेण्याआधी जुने नीट बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजण्यात काही चूक झाली असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. गाडी पाच वर्षांची आहे आणि इंजिनाची ओढ पुढच्या चाकांवर आहे. गाडीबरोबर आलेले पहिले टायर ४५,००० किलोमीटर चालले, दुसरा संच मात्र १८,००० मध्येच गेला. पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने गुळगुळीत झालेत, आणि डाव्याची तर तार दिसायला लागली आहे. मागच्या टायरांची नक्षी अजून ५ मिलिमीटर आहे, पण वेग वाढला की मागून घोंघों आवाज येतो. मधल्या काळात दोनदा अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचं काम, करून घेतलं. टायरवाला म्हणतो, या टायरचं रबरच मऊ आहे, दुसऱ्या कंपनीचे आणि एक साइज रुंद टाका. म्हणून तुम्ही विचारताय की कुठल्या कंपनीचे घ्यावेत. आणि शेवटच्या ओळीत, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की दुसरा संच टाकल्यावर काही दिवसांनी पुढचे शॉकअप बदलले होते.

कंपनीच्या प्रश्नावर येतोच. पण त्याआधी एक गोष्ट आजच करायची आहे. तार दिसत असलेला टायर गाडीवरून उतरवा. तार दिसते म्हणजे वरचं रबर संपलंय आणि आतला पोलादी पट्टा उघडा पडलाय. त्यात पाणी शिरलं की तार गंजते, पट्टे एकमेकांपासून सुटायला लागतात, आणि असा टायर उभ्या गाडीखाली फुटत नाही, भरधाव वेगात फुटतो. स्टेपनी लावा. स्टेपनी बारीक, तात्पुरत्या वापराची असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळा, ती बहुधा ताशी ८० किलोमीटर असते. उजव्या टायरची आतली कडही स्टेअरिंग पूर्ण वळवून बघून घ्या. उभं राहून पाहिलं की टायरची बाहेरची बाजूच दिसते, आतली कड कुणाच्या नजरेला पडत नाही. माझ्याकडे येणारे निम्मे लोक म्हणतात, ‘परवापर्यंत टायर चांगला होता.’ त्यांनी पाहिलेली बाजू खरंच चांगली असते.

आता मूळ मुद्दा. रबर मऊ असतं तर टायर अख्ख्या रुंदीभर सारखा झिजला असता. मऊ रबराला आतली कड कुठली आणि बाहेरची कुठली हे कळत नाही. तुमच्या टायरची बाहेरची बाजू शाबूत आणि आतली कड संपलेली, म्हणजे दोष रबरात नाही, चाक रस्त्यावर ज्या कोनात चालतंय त्यात आहे. याच गाडीवर, त्याच चालवणाऱ्याच्या हाताखाली पहिला संच ४५,००० चालला होता. मग मध्ये गाडीतच काहीतरी बदललं असणार. गाडी टायर खातेय. ते खाणं थांबवलं नाही, तर बाजारातला सगळ्यात महाग टायर आणून बसवला तरी त्याचीही तीच गत होईल. म्हणून माझं सांगणं एवढंच, की कंपनी ठरवण्याआधी जुना टायर वाचा. त्यावर कारण लिहिलेलं असतं, आणि तो भंगारात गेला की ते तुमच्या हातातून गेलं.

वाचायचा कसा, ते सांगतो. उजवा टायर गाडीवरच असू द्या, काढला की कुठला कुठे आणि कुठली बाजू आत होती हे विसरायला होतं. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा म्हणजे नक्षी समोर येते. तार उघड्या पडलेल्या टायरला हात लावू नका, तिची टोकं सुईसारखी बोटात शिरतात. दुसऱ्या टायरवर तळहात सपाट ठेवा आणि बाहेरच्या कडेपासून आतल्या कडेकडे, म्हणजे इंजिनाच्या दिशेने, हलकेच ओढा. मग उलट, आतून बाहेर. दोन्ही वेळा सारखंच गुळगुळीत लागलं तर एक अर्थ. एका दिशेने हात सरळ घसरतो आणि दुसऱ्या दिशेने प्रत्येक पट्टीची धार तळव्याला अडकते, असं झालं तर दुसरा अर्थ. एका दिशेने मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसं, आणि उलट दिशेने करवतीवरून. एकदा हाताला हे लागलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

ही करवत टो बिघडल्याची खूण आहे. टो म्हणजे वरून बघितलं तर दोन्ही पुढची चाकं एकमेकांना समांतर आहेत, की पुढून जवळ आली आहेत, की फाकली आहेत. चाक थोडं तिरकं आहे पण गाडी सरळ चालली आहे, म्हणजे ते चाक फिरता फिरता बाजूलाही ओढलं जाणार. बाहेरून आत जाताना धार अडकत असेल तर चाकं पुढून फाकलेली आहेत, आतून बाहेर येताना अडकत असेल तर पुढून जवळ आलेली. चाकं फाकलेली असतील तर ओझं आतल्या कडेवर पडतं, जवळ आलेली असतील तर बाहेरच्या. तुमची आतली कड गेली आहे, म्हणून माझा अंदाज फाकलेल्या चाकांकडे जातो. पण तो अंदाज आहे. हात फिरवून तुम्हीच खात्री करायची.

टोचा लहानसा दोष किती नुकसान करतो हे आकड्यांत सांगितल्याशिवाय पटत नाही. एका चाकाचा कोन फक्त ०.२ अंशाने चुकलाय असं धरा. डोळ्याला तो दिसणारही नाही. तरी दर किलोमीटरला ते चाक साडेतीन मीटर बाजूला ओढलं जाऊ पाहतं. १८,००० किलोमीटरमध्ये ही बाजूची ओढ ६३ किलोमीटर होते. थोडी ओढ रबराच्या लवचिकतेत जिरते, बाकीची रबर घासून वसूल होते.

दोन्ही दिशांनी हात सारखाच गुळगुळीत गेला, पण आतली कड बाहेरच्यापेक्षा खूप खाली असली, तर संशय कॅम्बरवर. कॅम्बर म्हणजे समोरून बघितल्यावर चाक आत किंवा बाहेर कललेलं असणं. चाकाचा वरचा भाग किंचित आत कललेला असणं यात गैर काही नाही, बहुतेक गाड्या कारखान्यातूनच तशा येतात, अर्धा-एक अंश. तेवढ्याने टायर खाल्ला जात नाही. कललेलं चाक आणि फाकलेला टो हे दोन्ही एकत्र आले की मात्र आतली कड झपाट्याने उडते. आणि आपल्या हकिगतीत तुमची ती शेवटची ओळ इथेच कामाला येते.

बऱ्याच गाड्यांत पुढचा शॉकअप खालच्या टोकाला दोन बोल्टांनी चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्या धातूच्या भागावर बसतं त्याला, जोडलेला असतो. बोल्ट आणि भोक यांत थोडी सैल जागा असते. शॉकअप बदलताना नकल त्या सैल जागेत आत-बाहेर कशीही बसू शकते, आणि कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाचा फरक सहज पडतो. कॅम्बर हलला की त्याबरोबर टोही हलतो. म्हणून शॉकअपच्या कामानंतर अलाइनमेंट झालंच पाहिजे, त्याच दिवशी, गाडी बाहेर काढण्याआधी. तुमचं दोनदा झालेलं अलाइनमेंट या कामाच्या आधीचं की नंतरचं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दोन्ही आधीची असतील तर उत्तर बहुतेक मिळालं. दोन्ही नंतरची असतील तर मामला जरा खोल आहे.

खोल कसा? अलाइनमेंटचं यंत्र उभ्या गाडीचं मोजमाप घेतं. टायर झिजतो चालत्या गाडीचा. मधला फरक असतो रबरी बुशांचा, म्हणजे सांध्यांत बसवलेल्या रबराच्या तुकड्यांचा. चाकाला खालून धरणारा जो लोअर आर्म असतो, त्याचा मागचा बुश फाटलेला असेल तर गाडी उभी असताना सगळं जागच्या जागी दिसतं, आकडे हिरवे, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत, येतात, कागदही हातात मिळतो. पण ब्रेक मारला की आर्म मागे सरकतो आणि चाक क्षणभर बाहेर फाकतं. दिवसातून शंभर वेळा ब्रेक, शंभर वेळा फाकणं.

माझ्याकडे एक गृहस्थ तीन अलाइनमेंटांचे तीन कागद घेऊन आले होते. तिन्हींवर सगळे आकडे हिरवे, आणि टायर तरी आतून खाल्लेले. मी गाडी लिफ्टवर घेतली आणि लोअर आर्मच्या मागच्या बुशाशी पहार लावून दाबली. रबर एका बाजूने पूर्ण सुटलेलं होतं आणि आर्म बोटभर मागे गेला. ते स्वतः खाली वाकून बघत होते. मी पहार सोडली तसा आर्म आपसूक जागेवर आला, जणू काही झालंच नाही. ते म्हणाले, ‘म्हणजे यंत्र खोटं बोलत नव्हतं?’ नव्हतं. त्याला उभ्या गाडीबद्दल विचारलं होतं, त्याने उभ्या गाडीबद्दल सांगितलं. दोन्ही बाजूंचे बुश बदलले, मग अलाइनमेंट केलं. पुढचा संच आतून-बाहेरून सारखा झिजत गेला.

बुश लवकर फाटण्याचं एक कारण दुरुस्तीतच असतं, आणि ते मला फार खटकतं, कारण ते टाळायला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. बुशातलं रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. चाक हवेत लोंबत असताना आर्मचा बोल्ट कसून टाकला, तर गाडी खाली उतरवल्यावर ते रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं. गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच हे बोल्ट शेवटचे कसायचे असतात. शॉकअपच्या कामात तुमचे आर्म सैल केले होते का, आणि केले असतील तर कसे कसले, हे ज्यांनी काम केलं त्यांनाच विचारा.

तेव्हा पुन्हा अलाइनमेंटला जाल तेव्हा आधी ढिलेपणा तपासून घ्यायचा. चाक जॅकवर घेऊन दोन्ही हातांनी वर-खाली धरून हलवायचं, मग डावी-उजवीकडून. खडखड लागली तर चाकाचे सांधे (बॉल जॉइंट, टाय रॉड एंड) किंवा बेअरिंग, जे असेल ते आधी बदलायचं. बुश पहारेने बघायचे. हे न करता केलेलं अलाइनमेंट म्हणजे पाय मोडक्या टेबलावर तराजू ठेवणं. मोजण्याआधी चारही टायरांत हवा बरोबर हवी. गाडीच्या डिकीत पोतं-सामान भरलेलं नको. आणि कागदावर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन्ही रकाने मागून घ्या. मला ‘नंतर’पेक्षा ‘आधी’च्या रकान्यात जास्त रस असतो, कारण टायर का झिजला ते तिथे लिहिलेलं असतं. ‘नंतर’चे आकडे नुसते हिरव्यात आहेत एवढ्यावर समाधान मानू नका, हिरव्याची मर्यादा बरीच रुंद असते. टो मधोमध आणि डावी-उजवी सारखी, एवढं आग्रहाने मागा. चांगला माणूस पाच मिनिटं जास्त देतो.

हवेबद्दल थोडक्यात, कारण तुमच्या टायरवर हवेची खूण नाही. हवा कमी असेल तर दोन्ही कडा झिजतात आणि मधला भाग उभा राहतो. हवा जास्त असेल तर मधला भाग झिजतो. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दारापाशी लावलेल्या पट्टीवर असतं. टायरच्या भिंतीवर जो आकडा असतो तो सोसण्याची कमाल मर्यादा आहे, तो भरायचा नसतो. टायर थंड असताना मोजा. थंड टायरमध्ये ३३ पौंड भरलेली हवा प्रवासानंतर ३६-३७ दाखवेल, ती काढू नका. डॅशबोर्डवर हवेचा दिवा असणाऱ्यांनी त्याच्यावर विसंबून राहू नये. अनेक गाड्यांत तो ठरलेल्या हवेपेक्षा साधारण २५ टक्के कमी झाल्यावरच लागतो, म्हणजे ३३ ची २५ होईपर्यंत दिवा गप्प. तोवर कडांचं व्हायचं ते होऊन जातं. टायर चांगला असला तरी महिन्याला एखादा पौंड हवा आपोआप कमी होते, म्हणून महिन्यातून एकदा गेज लावायचा.

मागून येणाऱ्या घोंघों आवाजाकडे वळू. पुढच्या चाकांवर ओढ असलेल्या गाडीत मागची चाकं नुसती ओढली जातात, त्यांच्यावर वजनही कमी असतं. वर्षभर तिथेच राहिली की नक्षीच्या ठोकळ्यांचं एक टोक उंच आणि दुसरं झिजलेलं होतं, टायरच्या फिरण्याच्या दिशेने दाते पडतात. हे दाते रस्त्यावर आपटून आवाज करतात. तुम्ही चाकांची अदलाबदल केल्याचं कुठे लिहिलेलं नाही, म्हणून मला हेच वाटतं. पण मागचा शॉकअप कमजोर असेल किंवा बेअरिंग गेलं असेल, तरी आवाज जवळपास असाच येतो. फरक असा ओळखा: डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गेल्यावर आवाजाची जात बदलली तर तो टायरचा. रस्ता तोच आहे आणि लांब वळणावर एका बाजूला झुकताना आवाज वाढतो, दुसऱ्या बाजूला कमी होतो, तर बेअरिंग बघा. टायरवर दातांऐवजी ठरावीक अंतराने वाटीसारखे खड्डे लागले तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं नसणं.

इथपर्यंतचं काम झालं की मग टायरची निवड. यातलं बरंच तुमच्या रस्त्यांवर, वेगावर, गाडीत नेहमी किती माणसं असतात यावर अवलंबून आहे, म्हणून एका कंपनीचं नाव घेऊन मोकळं होणं मला पटत नाही. निवड कशी करायची ते सांगतो.

साइज बदलू नका. रुंद टायरने आतली कड वाचणार नाही, उलट घासायला जास्त रबर मिळेल आणि पहिली वर्षभर दोष लपून राहील. समजा तुमचा टायर १९५/६५ आर १५ आहे. १९५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १५ म्हणजे रिमचा इंचांतला व्यास. पूर्ण टायरचा व्यास होतो साधारण ६३५ मिलिमीटर. त्याजागी २०५/६५ टाकला की व्यास ६४७ च्या वर जातो, सुमारे २ टक्के जास्त. वेगाचा काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी १०२ वर असू शकते, गिअर किंचित लांब पडतात, स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासू शकतो. शिवाय टायर जितका रुंद, तितकं साचलेलं पाणी बाजूला सारायला त्याला कठीण, म्हणून पावसात तो आधी तरंगायला लागतो. या सगळ्याच्या बदल्यात तुमच्या तक्रारीवर उपाय शून्य.

साइजनंतर जो आकडा आणि अक्षर येतं, उदाहरणार्थ ९१ एच, त्यावर तडजोड नको. ९१ म्हणजे एका टायरने ६१५ किलो पेलायचे, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. तुम्ही २१० ने जाणार नाही हे मला माहीत आहे. पण हा वेगाचा दर्जा उष्णता सोसण्याचाही असतो. गाडीच्या पट्टीवर जे लिहिलंय ते किंवा त्याहून वरचं घ्या, खालचं नको.

मऊ-कडक रबराचा प्रश्न खरा आहे, फक्त तुमच्या बाबतीत तो गुन्हेगार नाही. टायर बनवणाऱ्याला तीन गोष्टी एकाच वेळी हव्या असतात: ओल्या रस्त्यावर पकड, जास्त आयुष्य, आणि कमी इंधन. एक ओढली की दुसरी सुटते. सिलिकायुक्त रबर आल्यापासून ही ओढाताण बरीच कमी झाली, पण संपली नाही. फार दीर्घायुषी म्हणून विकला जाणारा टायर ओल्यात जरा जास्त लांब थांबतो असा माझा अनुभव आहे. पावसाळी मुलखात राहणाऱ्या, घाटवळणं चालवणाऱ्या माणसाला मी आयुष्यातले पाच-सात हजार किलोमीटर सोडून ओली पकड घ्यायला सांगतो. सरळ महामार्गावर रोज ये-जा करणाऱ्याला उलट सांगेन.

टायरच्या भिंतीवर ट्रेडवेअर म्हणून ३००, ४२०, ५०० असे आकडे दिसतील. हा अमेरिकेतल्या नियमाचा आकडा. टेक्सासमध्ये सुमारे ६४० किलोमीटरच्या ठरलेल्या वाटेवर गाड्यांचा ताफा एकूण ७,२०० मैल, म्हणजे सुमारे ११,६०० किलोमीटर चालवतात. झीज मोजतात आणि १०० धरलेल्या संदर्भ टायरशी तुलना करतात. टायरचं पूर्ण आयुष्य त्यावरून हिशेबाने काढलेलं असतं आणि आकडा कंपनी स्वतः देते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांत निवड करायला तो उपयोगी पडतो, दोन वेगळ्या कंपन्यांत तुलना करताना त्याच्यावर फार भर देऊ नका. युरोपातल्या लेबलवर इंधन आणि ओली पकड यांना ए ते ई असा दर्जा असतो, आवाजही दिलेला असतो, पण टायर किती चालेल याचा आकडा त्यात नाही. ओल्या पकडीसाठी मात्र ते लेबल जरूर बघा.

पहिला संच ४५,००० चालला म्हणून तुम्हाला वाटेल, तेच नाव पुन्हा घेतलं की झालं. इथे एक बारकावा आहे. नव्या गाडीबरोबर आलेला टायर आणि दुकानात त्याच नावाने मिळणारा टायर नेहमी एकच नसतो. गाडी बनवणाऱ्यांच्या मागणीप्रमाणे काही टायरांचं रबर आणि बांधणी वेगळी केलेली असते. काही गाड्यांसाठी तशी खूणही असते, बीएमडब्ल्यूसाठी चांदणी, मर्सिडीजसाठी एमओ, ऑडीसाठी एओ. म्हणून दोन संचांतल्या फरकात थोडा वाटा टायरचाही असू शकतो, हे मी नाकारत नाही. पण ४५ आणि १८ मधलं अंतर तेवढ्याने भरून निघत नाही, आणि एकाच कडेची झीज तर मुळीच नाही.

घेताना भिंतीवरचा तारखेचा कोड वाचा. डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार आकडे, २३२४ असतील तर २०२४ सालचा २३ वा आठवडा. हे चार आकडे फक्त एका बाजूच्या भिंतीवर असू शकतात, म्हणून बसवण्याआधी वाचा, नंतर गाडीखाली झोपावं लागतं. जोडीतले दोन्ही टायर एकाच नावाचे, एकाच नक्षीचे, जवळपासच्या तारखेचे हवेत. नवे टायर बसवताना वॉल्व्हही नवे टाकून घ्या, जुन्या वॉल्व्हचं रबर टायरबरोबरच म्हातारं झालेलं असतं.

दोन घ्यायचे की चार? मागचे ५ मिलिमीटर आहेत, म्हणून दोन घेतले तरी चालेल. चारही चाकांवर ओढ असलेली गाडी असती तर मी चार म्हणालो असतो, कारण तिथे टायरांच्या घेरातला फरक गिअरव्यवस्थेला सोसत नाही. दोन घेतले तर नवे मागे बसवा आणि मागचे पुढे आणा. हे ऐकल्यावर प्रत्येक जण माझ्याकडे संशयाने बघतो: ओढ पुढे, ब्रेकचं ओझं पुढे, स्टेअरिंग पुढे, आणि नवे टायर मागे? कारण असं आहे. ओल्या वळणावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाऊ लागते. तुम्ही आपोआप पाय उचलता, वेग उतरतो, पकड परत येते. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते आणि ते सावरायला हातात अर्धा क्षणसुद्धा नसतो. म्हणून जास्त नक्षी मागे. तुमच्या बाबतीत एक तोटा होईल, दाते पडलेले टायर पुढे आल्यावर आवाज सुरुवातीला जास्त जाणवेल. पुढे ओढ आणि ब्रेक मिळाल्यावर दाते हळूहळू कमी होतात, काही हजार किलोमीटर धीर धरा. नाहीच सहन झालं तर चारही बदला, पण ते आवाजासाठी बदलताय हे ध्यानात असू द्या.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी ढिलेपणा आणि बुश, मग नवे टायर आणि बॅलन्सिंग, आणि अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. कड झिजलेल्या टायरवर अलाइनमेंट करून मग टायर बदलू नका. चाकाचे नट ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पान्याने तपासा. नव्या टायरचा पृष्ठभाग पहिले काही शे किलोमीटर गुळगुळीत असतो, तोवर ब्रेक आणि वळणं सांभाळून.

मग १,००० किलोमीटर झाले की तळहाताची तीच परीक्षा पुन्हा करा, पुढच्या दोन्ही चाकांवर. डोळ्याला काहीही दिसण्याच्या कितीतरी आधी करवत हाताला लागते. शिवाय खोली मोजायचं एक साधं गेज घ्या आणि प्रत्येक टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या खाचेत मोजून तारखेसह वहीत लिहा. नवा टायर साधारण ८ मिलिमीटरचा असतो. खाचेच्या तळाशी ज्या आडव्या पट्ट्या असतात त्या १.६ वर असतात, अनेक देशांत कायद्याची मर्यादाही तीच. हातात उरतात ६.४. पाच हजार किलोमीटरमध्ये १ मिलिमीटर गेला तर टायर ३२,००० च्या आसपास जाईल, हा हिशेब तुम्हाला पहिल्याच पाच हजारांत कळतो. मी स्वतः पावसाळ्यात ३ मिलिमीटरखाली टायर ठेवत नाही, कारण पाणी बाहेर टाकण्याची ताकद १.६ च्या कितीतरी आधीच संपलेली असते. आणि दर ८-१० हजारांना चाकांची अदलाबदल: पुढची सरळ मागे, मागची फुली करून, म्हणजे डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे, पुढे. टायरच्या भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर फुली नको, त्याच बाजूला पुढे-मागे.

आता मला तुमच्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत. उजव्या टायरवर हात कुठल्या दिशेने अडकला, बाहेरच्या खाचेत किती मिलिमीटर शिल्लक आहेत, आणि दोन्ही अलाइनमेंटच्या कागदांवर ‘आधी’च्या रकान्यात काय होतं, तारखेसह. शॉकअपच्या कामाची तारखही लिहा. हे कळलं की बुश की कॅम्बर हे बऱ्यापैकी खात्रीने सांगता येईल. तोवर जुने टायर दुकानात सोडून येऊ नका, डिकीत ठेवा.